त्रेसष्ट नंबरचा टी-शर्ट

माणसाला नावानं हाक मारायची नाही, नंबरानं मारायची, असा आमच्या सचिवांचा शिरस्ता होता. दूध संस्थेत प्रत्येक सभासदाला नंबर असतो, तो सगळीकडेच असतो. पण बाकीच्या गावांत तो पावतीपुरता राहतो. आमचे सचिव तो लग्नात, मयतीत, एसटीच्या थांब्यावर, कुठंही वापरायचे. 'काय सत्तेचाळीस, जावई आले म्हनं?' 'एकोणीस, तुमची म्हैस माझ्या दारात हाय बे, घेऊन जा.' एकदा सप्ताहाच्या पंगतीत वाढता वाढता ओरडले, 'बाराला भात न्हाई आला!' बाहेरगावच्या एका पाहुण्याला वाटलं बारा माणसं उपाशी आहेत. तो बिचारा अर्ध्या पानावरून उठला, म्हणाला माझं राहू द्या, त्यांना वाढा.

मी त्या संस्थेत फॅट काढायला होते. म्हणजे दुधातलं लोणी मशीनवर मोजायचं आणि कुणाच्या दुधात पाणी आहे ते त्याच्या तोंडावर सांगायचं. वडवणीहून पहाटेच्या गाडीनं यायची, दुपारी परत. माझं तोंड तेव्हाही फटकळच होतं आणि त्याच गुणावर मला घेतलं, असं चेअरमन म्हणायचे. गावाचं नाव सांगत नाही, उगीच भांडणं नकोत. दिंद्रुडच्या रस्त्याला आहे एवढं पुरे. सचिवांना माझी एक मोठी अडचण होती. मी सभासद नव्हते, त्यामुळं मला नंबर नव्हता. पहिले आठ दिवस ते मला नुसतं 'ओ' म्हणायचे. मग 'टेस्टर' म्हणायला लागले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसरी खोड ठरावाची. सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय या माणसाच्या हातून काही घडायचं नाही. ऑफिसात दुपारी चहाची वेळ झाली की चेअरमन म्हणणार, 'चहा सांगा बरं.' सचिव मान वर करून विचारणार, 'सूचक चेअरमन. अनुमोदक?' कुणीतरी 'मी' म्हणेपर्यंत चहा येत नसे. मी एकदा मुद्दाम गप्प बसले, बघू तरी म्हटलं काय करतात. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, 'अनुमोदनाअभावी चहा रद्द.' चेअरमननी माझ्याकडं असं पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून 'अनुमोदक'च्या आधीच मी 'मी मी' करायला लागले.

ते स्वतः मात्र कधी सूचक व्हायचे नाहीत. दारात एक म्हैस होती, त्यामुळं ते सभासदही होते, नंबर एक. पण सचिवानं सूचना मांडायची नसते, हा त्यांचा नियम. 'लिव्हणाऱ्यानं बोलायचं न्हाई टेस्टर. बोलणारा लिव्हायला लागला की पार घोळ होतो.' हा नियम कुठल्या पुस्तकात आहे असं मी विचारलं होतं. म्हणाले, 'माझ्या.'

आता त्रेसष्ट नंबरची गोष्ट सांगते, कारण टी-शर्टाचं सगळं रामायण तिच्यापाशीच येऊन पोचलं. त्रेसष्ट म्हणजे गयाबाई. खरं तर त्रेसष्ट म्हणजे तिचा नवरा, मारुती. तो वारून सात वर्षं झाली होती. त्या आधीही म्हैस तीच सांभाळायची, धार तीच काढायची, दूध तीच आणायची. पण रजिस्टरात नाव नवऱ्याचं. तो गेल्यावर पावती त्याच्याच नावानं निघत राहिली. पावतीचं एक वेळ चाललं असतं, पण पेंडीच्या पोत्यावर सभासदाची सही लागायची, आणि ती सही घरचा बाप्या म्हणून दीर करायचा. दीर म्हणजे चौसष्ट नंबर, वर संस्थेचा संचालक. तो गावाला गेला, रुसला, नाहीतर कुणाच्या पॅनलच्या भानगडीत अडकला, की गयाबाईच्या म्हशीला पेंड नाही. दुष्काळात पेंड नाही म्हणजे काय, ते म्हैसवाल्यालाच कळतं. तिची म्हैस त्या वर्षी नुसती बरगड्यांवर उभी होती.

गयाबाईचं मागणं एवढंच होतं, रजिस्टरात माझं नाव चढवा. कॅन काट्यावर ठेवताना ती रोज विचारायची, 'सचिवसायेब, चढलं का?' हे रोज सांगायचे, 'त्रेसष्ट, विषय सभेपुढं हाय.' आणि तो खरंच असायचा. दर महिनाअखेरीला सभासदांची सभा व्हायची. गडी जमायचे, तंबाखू मळली जायची, आणि सचिव वाचायचे, 'विषय क्रमांक सात. त्रेसष्टची वारस नोंद. सूचक?' सगळे छताकडं बघायचे. चौसष्टच्या तोंडासमोर सूचक व्हायचं कुणी? 'सूचक न्हाई. सबब विषय पुढील सभेत.' सात वर्षं. मला त्या माणसाचा असा संताप यायचा की काय सांगू! एकदा म्हटलंच, 'अहो, एक ओळ लिहायची आहे. लिहून टाका ना, कोण बघतंय?' त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या साली उन्हाळ्यात तालुक्यात श्रमदानाची स्पर्धा लागली. गावानं मिळून माळावर चर खोदायचे, पाऊस पडलाच तर पाणी तिथं मुरावं म्हणून. महिनाभर खोदायचं, रोज हजेरी ठेवायची, शेवटच्या दिवशी तपासणी. शेजारच्या गावानं टी-शर्ट केले. झालं, आमच्या गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्यायला टँकरचं पाणी, पण टी-शर्ट पाहिजे म्हणजे पाहिजे.

रंगावर तीन सभा झाल्या. भगवा म्हटलं की एक बाजू खूष, दुसरी उठून बाहेर. हिरव्याचं तसंच, निळ्याचं तसंच. गुलाबी म्हणजे गुलाल, म्हणजे मागच्या वेळी निवडून आलेलं पॅनल. पिवळा सुचवला तर एक म्हातारा म्हणाला, 'हळदीला बसवता का या वयात?' पांढऱ्याला तर सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, माती खोदायची आणि पांढरा? शेवटी सचिवांनी दिंद्रुडच्या छपाईवाल्याला फोन लावायला सांगितला आणि मला म्हणाले, 'इचारा, कुणीच न नेलेला रंग कोणता हाय?' तो म्हणाला, शेणकटी रंगाचा गठ्ठा पडून आहे, कुणी घेत नाही. ठराव एकमतानं पास. शेणाशी गावात कुणाचाच वाद नव्हता.

मग एक पुढारी आले. सगळा खर्च मी करतो म्हणाले, फक्त छातीवर माझा फोटो छापा. सचिवांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नम्रपणे सांगितलं, 'छापू की सायेब. पण टी-शर्टावर ज्याचं तोंड त्याची हजेरी लागती. रोज सकाळी सहाला यायचं, दोन घंटे. टिकाव आमी देऊ.' पुढारी हसले, घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले ते परत आले नाहीत. चेअरमन कपाळाला हात लावून बसले होते. मग संस्थेच्या सभासद कल्याण निधीतून टी-शर्ट करायचे ठरले, आणि इथं सचिवांमधला सचिव जागा झाला. निधी सभासदांचा, तर टी-शर्ट सभासदांनाच. आणि पाठीवर प्रत्येकाचा नंबर अन् नाव, रजिस्टरबरहुकूम, म्हणजे एकाचा दुसऱ्यानं नेला ही तक्रार नको.

मापं घ्यायचं काम माझ्यावर आलं. गावात कुणाला आपलं माप माहीत नव्हतं. मी लहान, मध्यम, मोठा, फार मोठा असे चार रकाने आखून दारोदार फिरले. प्रत्येक जण विचारायचा, 'चारीची किंमत एकच हाय का?' हो म्हटलं की, 'मंग फार मोठा लिवा.' काडीसारखा माणूस, त्याला म्हटलं, 'आजोबा, यात तुमच्यासारखे दोघं मावतील.' तर म्हणे, 'फुकट हाय तर कापड कावून सोडू?' संध्याकाळी माझे तीन रकाने कोरे आणि चौथा भरलेला. छपाईवाला फोनवर म्हणाला, 'म्याडम, गाव हाय का तालीम?'

खरी गाडी अडली ती यादीवर. मी रजिस्टरातून नावं उतरवताना बघितलं तर एकोणीस माणसं मेलेली. काही तर मी यायच्या आधीच गेलेली. वारस नोंदी कुणी केल्याच नव्हत्या. यादी घेऊन मी सचिवांपुढं गेले.

'ही एकोणीस नावं काढते.'

'कावून?'

'मेलेत ते!'

'मेले असतील. कमी झालेले न्हाईत.'

'म्हणजे?'

'मरणं येगळं, कमी होणं येगळं. मरायला ठराव लागत न्हाई, कमी व्हायला लागतो.'

'अहो, मेलेल्या माणसाचा टी-शर्ट घालणार कोण? मसणवाटीत वाटायचे का?'

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. 'दूध कोण घालतंय त्यांचं? ज्यांचं दूध येतंय त्यांचा टी-शर्ट येणार. तुमी छापायला टाका, टेस्टर.'

मी रागानं ती यादी तशीच्या तशी पाठवली. मनात म्हटलं, होऊ दे फजिती, मग कळेल. छपाईवाल्यानं कच्चे कागद पाठवले. सचिवांनी तीन वेळा एकेक काना, मात्रा, वेलांटी तपासली आणि प्रत्येक पानावर सही केली. आठ दिवसांनी गठ्ठे आले तेव्हा सव्वाशे टी-शर्टांत एक चूक नव्हती. सगळे मेलेले अचूक छापले होते.

वाटपाला गडी आले, टी-शर्ट अंगाला लावून बघितले आणि हसत सुटले. गुडघ्यापर्यंत येत होते. पण खोदायला गडी आलेच नाहीत. दुभती म्हैस तेवढी दारात, बाकीची गुरं चारा छावणीवर होती आणि तिथं बसायला माणूस लागतो, हे कारण रास्त होतं. एका भाकड म्हशीमागं तीन गडी आणि पत्त्यांचा एक डाव का लागतो, ते मला कुणी सांगितलं नाही. धारा काढून, दूध घालून, सहाला माळावर यायच्या त्या बायका. आणि ते अवाढव्य टी-शर्ट लुगड्यावरून असे बरोब्बर बसले की जणू मापंच त्यांची घेतली होती. सगळा माळ शेणकटी, आणि प्रत्येक पाठीवर एकेक बाप्या. सासू आपल्या मेलेल्या सासऱ्याच्या नावानं खोदायची, सून नवऱ्याच्या. सचिव हजेरी पुकारायचे, 'अठ्ठावीस!' आणि अठ्ठावीसची बायको टिकाव खाली ठेवून 'हजर!' असं खणखणीत ओरडायची. अठ्ठावीस तेव्हा छावणीवर बदामचा एक्का शोधत असायचा.

गयाबाई पहिल्या दिवसापासून होती. तिचं आणि तिच्या जावेचं, म्हणजे चौसष्टच्या बायकोचं, काम शेजारी शेजारी चालायचं. एक टिकाव मारायची, दुसरी घमेलं भरायची. दोघींच्या पाठीवर सख्खे भाऊ, एक जिवंत, एक मेलेला. एकदा मी जावेला छेडलं, 'काय चौसष्ट, आज लवकर आलात?' तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'आलो की! घरी बायको लई कटकट करती.' चरातल्या बाया हसून हसून खाली बसल्या.

महिना संपला. शेवटच्या दिवशी तपासणी, आणि त्याच दिवशी महिनाअखेरीची सभा. सचिवांनी नोटीस आठ दिवस आधीच फळ्यावर लावली होती, स्थळ म्हणून चक्क 'माळावरील चर' लिहून. मला वाटलं, सगळे तिथंच असणार म्हणून सोय बघितली असेल. साहेबाबरोबर फोटो निघणार म्हणून त्या दिवशी चेअरमन आणि सगळे गडी कडक इस्त्रीत हजर. टी-शर्ट बायकांच्या अंगावर, त्यामुळं गडी आपले पांढऱ्या सदऱ्यांत.

तालुक्याहून आलेला साहेब तरुण होता, पण कडक. त्यानं हजेरीचे कागद घेतले आणि माणसं पडताळायला लागला. 'मारुती कोण?' गयाबाईनं हात वर केला.

'तुम्ही मारुती?'

'न्हाई सायेब. ते वारले. मी हाय.'

साहेबानं कागद मिटला. 'मयत माणसाची हजेरी? महिनाभर? सचिव कोण आहे इथं? ही सगळी यादी बोगस आहे.'

बोगस! ज्या माणसानं उभ्या जन्मात कागदावर खोटा ठिपका ठेवला नव्हता त्याला हा शब्द. यादी मी उतरवली होती, फजिती व्हावी म्हणून रागानं पाठवली होती, आणि आता ती होत होती तेव्हा मला रडू यायला लागलं. महिनाभर राबलेल्या बायांची तोंडं उतरली. सचिव मात्र जागचे हलले नाहीत.

'सायेब, काम खरं हाय. मोजून घ्या. घाम खरा हाय. माणूस एकबी खोटं न्हाई. नाव तेवढं जुनं राहिलंय. नाव दुरुस्त करायची सभा आत्ता हितंच हाय. बसा.'

साहेब एका दगडावर बसला. काय करणार? त्या आवाजापुढं बसलाच. सचिवांनी वही उघडली. 'विषय क्रमांक सात. त्रेसष्टची वारस नोंद. सूचक?'

माळावर छत नव्हतं, म्हणून गडी आभाळाकडं बघायला लागले. चौसष्ट हाताची घडी घालून समोरच उभा. मग सचिवांनी जे केलं ते मी त्या संस्थेत आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांनी वही आणि पेन माझ्या हातात दिला. 'टेस्टर, या विषयापुरतं तुमी लिव्हा. मी सचिव न्हाई.' आणि चार पावलं पुढं जाऊन गड्यांच्या रांगेत उभे राहिले. 'सूचक, नंबर एक.'

गड्यांत चुळबुळ झाली. तरी सचिवांनी विचारलंच, 'अनुमोदक?'

माझा पेन 'अनुमोदक' शब्दापुढं थांबलेला. मला अनुमोदन देता येत नव्हतं, मी सभासद नव्हते. कुठल्या कुठल्या चहाला 'मी मी' केलं होतं, आणि इथं जीभ आवळून उभी! तेवढ्यात मागून, चरातून, एक हात वर आला. 'चौसष्ट!'

सगळे वळले. गयाबाईची जाऊ होती. नवऱ्याचा नंबर पाठीवर, हातात घमेलं, पदर कमरेला खोचलेला. चौसष्टचं तोंड लालबुंद झालं. 'ए, गप बस! तू कोण बोलणारी?'

सचिव त्याच्याकडं वळले. 'चौसष्ट, महिनाभर तुमची हजेरी लागलीय. एक खाडा न्हाई. चौसष्टनं टिकाव मारला, चौसष्टनं घमेली वाहिली. आता चौसष्टनं हात वर केलाय. तो हात तुमचा हाय का न्हाई, तेवढं सायबापुढं सांगा. तुमचा नसंल तर हजेरीबी तुमची न्हाई. आमी आत्ता खोडतो, अन् गाव स्पर्धेतून बाहेर काढल्याचं तुमच्या नावावर लिवतो.'

साहेब दगडावरून अर्धवट उठून बघायला लागला. चौसष्टनं साहेबाकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. ती हात खाली करायचं नाव घेईना. शंभर बाया टिकावावर रेलून त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींना संध्याकाळी त्याच्या घरावरूनच जायचं होतं.

'माझाच हाय,' तो म्हणाला. कुणाला नीट ऐकू आलं नाही. 'मोठ्यानं, चौसष्ट,' सचिव म्हणाले. 'टेस्टरला लिव्हायचंय.'

'माझाच हाय म्हनलं ना! अनुमोदन!'

माळावर असा गलका झाला की छावणीवरची गुरं दचकली असतील. चेअरमननी घाईघाईनं 'ठराव मंजूर' म्हटलं, आणि मग भीड चेपल्यासारखे गडीच पुढं येऊन बाकीच्या अठरा नोंदींना सूचक अनुमोदक व्हायला लागले. साहेबानं हजेरीच्या कागदावर काहीतरी शेरा लिहिला. आमचा नंबर काही आला नाही स्पर्धेत, शेजारचं गाव जिंकलं. त्यांचे टी-शर्टही चांगल्या रंगाचे होते, खोटं कशाला बोला. सचिवांनी हे सगळं ठरवून केलं का, ते मला आजही सांगता येत नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, 'रजिस्टरात होतं तसं छापलं.' एवढंच. मी त्यांच्या नावावर सात वर्षांचा हिशेब मांडून बसले होते मनात, तो मात्र त्याच दिवशी फाडून टाकला. दर महिन्याला तोंडघशी पडून तो विषय पुन्हा पुन्हा वाचणारा गावात तोच एक माणूस होता, आणि मी त्याला दगड समजत होते.

नोंद तिथंच करायची म्हणून सचिवांनी माझ्याकडून पेन परत घेतला. रजिस्टर गुडघ्यावर ठेवून चराच्या काठावर बसले. गयाबाई समोर उभी राहिली, हात मातीनं भरलेले.

'पूर्ण नाव सांगा.'

'गयाबाई.'

'पुढं?'

सचिव पेन धरून थांबले. तिच्या वयाच्या बाया आमच्याकडं नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, तो असताना नाही आणि गेल्यावर तर नाहीच. सात वर्षं ज्या ओळीसाठी भांडली, तीच पुरी करायला तिची जीभ वळेना. मग ती वळली आणि सचिवांकडं पाठ करून, पदर बाजूला सारून, ताठ उभी राहिली.

त्या नावाची एकेक वेलांटी सचिवांनी स्वतः तपासून सही केलेली होती. त्यांना बघायची गरज नव्हती. तरी ते तिच्या पाठीवरची अक्षरं एकेक वाचत, सावकाश, उतरवून घेत राहिले.

'झालं का लिवून?' गयाबाईनं न वळता विचारलं.

'झालं.'

'मंग वाचा बरं मोठ्यानं. मला ऐकायचंय.'

सचिवांनी वाचलं. तिचं नाव, त्याला लागून त्याचं. गयाबाईनं ते पाठमोऱ्यानंच ऐकलं, आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.